ड्रायव्हरच्या बाजूला दार नव्हतं

रामनगरच्या शेडमध्ये ती गाडी उतरवली तेव्हापासून सगळ्यांनी एकाच गोष्टीवरून एकमेकांचं डोकं खाल्लं होतं. गाडी शंभर वर्षांची, विलायती, वर छत असलेली बंद गाडी. दारं दोन, आणि दोन्ही डावीकडे. उजवीकडे, जिथे ड्रायव्हर बसतो, तिथे दारच नाही. दाराची रेघ आहे. पत्र्यात दाबून काढलेली, डावीकडच्या दाराच्या मापाची. लांबून बघाल तर दारच वाटेल. जवळ जाऊन ढकला, ओढा, नख घाला, काही होत नाही.

केयूरदादाचं म्हणणं पडलं की कुठल्या तरी मिस्त्रीने मधे कधीतरी ते दार बंद करून टाकलं. केयूरदादा म्हणजे गाडीचा मालक. बँकेतून रिटायर झालेल्या पटवर्धनांचा मुलगा, हॉटेलवाल्यांसाठी लग्नांची कामं घेतो. त्याला ही गाडी वरातीत चालवायची होती. स्वतः चालवायची होती, फेटा बांधून. पण ड्रायव्हरला आत शिरायचं तर डावीकडून शिरून सीटवरून घसटत पलीकडे जायचं, आणि उतरताना शेजारी बसलेल्याच्या मांडीवरून. "दुल्ह्याच्या मांडीवर बसून उतरू का मी, फोटोवाल्यांसमोर?" असं तो मामाला विचारत होता. त्याला ते दार उघडून पाहिजे होतं.

मामा म्हणजे दत्तात्रेय, आईचा भाऊ. जन्मभर रेल्वेत डब्यांचं लाकूडकाम केलं. आता रामनगरला शेड घेऊन जुन्या गाड्यांच्या बॉड्या बनवतो. त्या काळच्या गाड्या आतून लाकडाच्या असतात, वरून नुसता पत्रा ठोकलेला. मामाने रेघ बघितली, म्हणाला, कापून देतो. बिजागऱ्या लावून देतो.

मी म्हणाले, इथे दार कधी नव्हतंच.

कोण ऐकणार. मी शरदिनी, सतरा पूर्ण, अकरावीत शाळा सोडलेली. सोडली म्हणजे सरांनी फळ्यावर तरफेचं चित्र चुकीचं काढलं, मी उठून सांगितलं, ते म्हणाले तुझे बाबा पिंड पाडतात ना, तू पण तेच शिक. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघाले ती परत गेले नाही. घरी सहा महिने भांडण. मग आईने मधे पडून मामाकडे पाठवायला सुरुवात केली, तात्पुरती. सकाळी ब्रह्माघाटावरून निघायचं, टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, गंगेचा पूल पार करून रामनगर, संध्याकाळी परत. बनारसमधले आमच्या घरातले लोक पूल ओलांडला की परगाव समजतात. मला तेवढाच श्वास मिळत होता.

पण मामाची एक अट होती. महिन्याभरापूर्वी लल्लन, मामाचा मदतनीस, मला काहीतरी बोलला. मी हातातली मोगरी फेकून मारली. त्याला लागली नाही, भिंतीला लागली. मामाने काम थांबवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तुझ्या रागाने ह्या शेडमधली एक जरी वस्तू बिघडली तर त्या दिवशी तुझं येणं बंद. आवाज न चढवता सांगितलं. मामा असं बोलतो तेव्हा तो खरंच तसं करतो.

आणि इकडे बाबा टपूनच होते. इंदूरला आत्या आहे. तिच्या घराजवळ बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा क्लास आहे, सकाळी सात ते संध्याकाळी सात, गेटला कुलूप. आत्याने नाव घालून ठेवलं होतं. बाबा मला सोडवून तिथे पाठवायला नुसतं निमित्त शोधत होते.

तर दार. मी तीन दिवस ती गाडी बघत होते. डावीकडच्या दारांखाली लाकडाची जाड पट्टी आहे ती दोन ठिकाणी जोडलेली. उजवीकडची पट्टी पुढून मागेपर्यंत एक सलग, एका झाडाची, जोड नाही. दोन्ही दारं मधल्या खांबाला टांगलेली, पुढचं दार उलटं, म्हणजे बिजागरी मागे आणि कडी पुढे, पुस्तकाच्या दोन पानांसारखी. कारण पुढचा काचेजवळचा खांब बारीक आहे, त्याला दाराचं वजन झेपलं नसतं. मधला माझ्या मांडीएवढा जाड. उजवीकडे तो मधला खांब निम्म्याने बारीक. ज्याने ही बॉडी केली त्याला तिकडे दार टांगायचंच नव्हतं. रेघ मारली ती फक्त गाडी दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून.

मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, असेल, आपण आतून लोखंडी पट्टी मारू. मी म्हणाले, ती सलग पट्टी कापलीस की डावीकडे आधीच दोन भोकं आहेत, गाडी मधून खचेल. तो म्हणाला, मी डबे केलेत, तू मला शिकवू नकोस. मंगळवारी कापायचं ठरलं.

सोमवारी दुपारी बाबा शेडमध्ये आले.

पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात बाबा घरात दिसतच नाहीत, पहाटे चारला अहिल्याबाई घाटावर, तिथून मणिकर्णिका, तिथून यजमानांच्या धर्मशाळा. सांगली, सातारा, कुठून कुठून लोक येतात. त्या दिवशी त्यांचं शेवटचं श्राद्ध रामनगरात होतं आणि जेवण पण तिथेच. ते पोचले तर त्या घरात सकाळीच कुणी गेल्याचा फोन आलेला. सुतक लागलं. श्राद्ध रद्द, जेवण रद्द. बाबांनी पहाटे शुगरची गोळी घेतलेली, पोटात चहाचा घोट. घरी जाण्याऐवजी ते मेहुण्याकडे आले. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, आणि ते थेट माझ्याकडे बघतायत.

लल्लन आणि दुसरे दोघे साडेतीनलाच पळाले होते. रामलीला सुरू झाली की रामनगरात कुणी कामाला थांबत नाही. पाचला लीला, चारपासून माणसं आपापली जागा धरायला जातात. शेडमध्ये मामा आणि मी.

मामाने बाबांना गाडी दाखवली. बाबांनी दारं मोजली, एक चक्कर मारली आणि ताबडतोब त्यांना कारण सापडलं. म्हणाले, डाव्या बाजूने गाडीत शिरताना गाडीकडचा पाय कुठला, उजवा. तो आपोआप आधी आत पडतो. उजवीकडे दार असतं तर डावा पाय आधी पडला असता. शुभ कामाच्या गाडीला म्हणून तिकडे दार ठेवलं नाही.

"भाऊजी, विलायतेत कोण बघतंय उजवा पाय?" मामा हसायला लागला.

"बनवली असेल विलायतेत. वापरायची तर इथेच होती ना."

मामा म्हणाला, बसून तर बघा, आणि शेजारच्या टपरीवरून चहा आणायला गेला. बाबांनी उजवा पाय आधी टाकला. मला दाखवून टाकला. मी आधीच आत होते, ड्रायव्हरच्या जागेवर, खालची पट्टी बघत. बाबा शेजारी बसले. दार अर्धं उघडंच होतं.

मग ते म्हणाले की इंदूरचं तिकीट काढलं. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशीचं.

म्हणजे बारा दिवस. मी विचारलं, मला विचारलंत? ते म्हणाले, शाळा सोडताना तू आम्हाला विचारलंस? मी म्हणाले, मी इथे काम शिकतेय. ते म्हणाले, कसलं काम, ज्या गाडीला दार का नाही हे तुला ठाऊक नाही.

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "पायबिय काही नाही. हे बघा. ह्याच्यासाठी नाहीये दार."

ड्रायव्हरच्या उजव्या हाताला दोन लोखंडी दांडे असतात त्या गाडीत. एक गिअरचा, एक ब्रेकचा. अगदी भिंतीला लागून, जिथे दार असतं तिथे. उतरायला गेलात तर दोन्ही दांडे मांडीत घुसणार. आणि बाहेरून फुटबोर्डवर स्टेपनी आणि हत्यारांची पेटी बांधलेली. तिकडून माणूस उतरायचाच नव्हता, रस्त्याच्या बाजूला कोण उतरेल, फुटपाथ डावीकडे. मला हे सगळं नीट सांगायचं होतं. पण राग आला की माझा हात तोंडाच्या आधी चालतो. मी ब्रेकचा दांडा धरला आणि त्यांना दाखवायला जोरात ओढून सोडला.

शंभर वर्षांचा ब्रेक. मला वाटलं तो गंजून नुसता लटकतोय. मामालाही तसंच वाटत होतं, म्हणून मागच्या चाकाला त्याने एक वीट लावली होती. पण गाडी त्या ब्रेकवरच उभी होती.

आधी वीट फुटल्याचा आवाज आला. मग गाडी मागे निघाली. शेडच्या जमिनीला उतार आहे, पावसाचं पाणी जावं म्हणून. मी दांडा परत ओढला, आता तो काही धरेना. बाबांचं अर्धं उघडं दार शेडच्या विटांच्या खांबाला टेकलं आणि बिजागरी मागे असल्यामुळे खांबानेच ते ढकलून लावून टाकलं, धाडकन. मग मागचं चाक नाल्यात उतरलं, सगळी गाडी डावीकडे कलली आणि भिंतीला अंग टाकून बसली. धूळ उडाली. आणि मग एकदम शांत.

बाबा म्हणाले, "काय केलंस?"

मी डावीकडचं पुढचं दार ढकललं. कडी फिरली, दार बोटभर हललं आणि खांबाला लागलं. मागचं तेवढंही नाही, ते भिंतीत रुतलेलं. उजवीकडे ती रेघ. आतून तर रेघ पण नाही, नुसती फळी आणि त्यावर कुजलेलं कापड.

मामा चहाचे ग्लास घेऊन आला. त्याने बघितलं आणि ग्लास हळूच जमिनीवर ठेवले. ओरडला नाही. आधी विचारलं, लागलंय का कुणाला. मग मागे जाऊन चाक बघितलं. मग एकट्याने गाडीला खांदा लावला, सहासष्ट वर्षांचा माणूस, कमरेला पट्टा. गाडीला कळलं पण नाही. लल्लनला फोन केला, वाजत राहिला. लीलेत कोण फोन उचलतो. टपरीवाला दुकान बंद करून तिकडेच निघाला होता.

मामाने केयूरदादाला फोन लावला. तो पुलापाशी अडकला होता, लीलेच्या गर्दीमुळे पलीकडेच गाड्या थांबवलेल्या.

आत भट्टी होत होती. शेडचा पत्रा, भाद्रपदातलं ऊन, त्यात बंद गाडी. काचा खालीवर करायला त्या काळी चामड्याचा पट्टा असायचा, पट्टे तुटलेले, काचेच्या चौकटी फुगून बसलेल्या. उजवीकडची मागची एक काच मी दोन्ही हातांनी दाबून चार बोटं खाली आणली. पुढची मोठी काच वरच्या अर्ध्या भागात बाहेर उघडते, ती वीतभर उघडली आणि तिथेच अडकली. काचा फोडल्या तर तुकडे बाबांच्या अंगावर, आणि खिडक्या इतक्या अरुंद की त्यांचे खांदे गेलेच नसते. उंदराच्या लेंड्यांचा आणि जुन्या गादीचा वास. मला आधी वाटलं मला रडू येतंय, पण तो घाम होता.

मग बाबांचा हात दिसला. मांडीवर ठेवलेला, आणि बोटं थरथरत होती.

"जेवलात ना तुम्ही?"

तेव्हा त्यांनी सुतकाचं सांगितलं. कपाळावर घाम, त्यात भस्म उतरून भुवईत आलेलं. मी चार बोटांच्या फटीतून मामाला हाक मारली की साखर दे, काहीतरी गोड दे. मामाने लल्लनची पिशवी उघडली. त्यात बिस्किटाचा अर्धा पुडा होता. फटीतून एकेक बिस्कीट आत आलं. पितृपक्षात बाबा दुसऱ्याच्या घरचं पाणी पीत नाहीत, श्राद्धाचं सोडून. मी बिस्कीट पुढे धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बिस्किटाकडे बघितलं आणि खाल्लं. मग दुसरं. चार खाल्ली.

"आईला सांगू नकोस," म्हणाले.

थरथर जरा कमी झाली पण त्यांचा श्वास मला आवडत नव्हता. तोंड उघडं टाकून घेत होते. मामाने पण ते फटीतून बघितलं. तो गेला आणि ग्राइंडर घेऊन आला, मागे वायर ओढत. ठरलंच होतं ना कापायचं, उद्याच्या ऐवजी आज. रेघेवर त्याने खडूने खूण केली.

मी आतून फळीवर हात मारला. म्हणाले, मामा, नको. गाडी कललेली आहे, सगळं वजन ह्याच पट्टीवर आहे. तू कापलीस की वरचं सगळं आमच्या अंगावर बसेल. आणि ठिणग्या आत येतील, ही गादी काथ्याची आहे.

"गाडी मोठी का माणूस मोठं, शरू?"

"माणसासाठीच सांगतेय."

"तुझं ऐकून काय झालं ते दिसतंय मला."

ते खरंच होतं. मशीन सुरू झालं, पत्र्याला लागलं नव्हतं अजून, नुसता आवाज, पण आत तो दातांत शिरला. बाबांनी माझा दंड धरला. त्यांना मशीनच्या वर आवाज चढवून बोलावं लागलं.

"दुसरी वाट आहे?"

मी म्हणाले, माहीत नाही. पाच मिनिटं द्या.

बाबांनी फटीला तोंड लावलं आणि मामाला सांगितलं की पाच मिनिटं थांबा. मामा म्हणाला, भाऊजी, तुमची तब्येत. बाबा म्हणाले, माझी आहे ना, मग थांबा.

मशीन बंद झालं. मी बघायला लागले. खाली फळ्यांची जमीन, त्या उचलता येतात, पण खाली लोखंडी आडवे दांडे आणि गिअरची पेटी, मीच गेले नसते, बाबा कुठले. मागची भिंत पत्र्याची. मग मी वर बघितलं. छताला आतून करड्या रंगाचं कापड, एका कोपऱ्यात फाटलेलं. फाटलेल्यातून बोट घातलं. मला वाटलं होतं पत्रा लागेल. लाकडाची पट्टी लागली, दोन बोटं रुंद. तिच्या बाजूला काहीच नाही, मऊ. मी अजून फाडलं. खाटेला असतात तशा पट्ट्या, वीतभर अंतरावर एक, आणि त्यांच्यावर तरट, त्यावर कापूस, त्यावर वरचं काळं कापड. गाडीला छत नव्हतंच, पत्र्याचं नव्हतं. त्या वेळी एवढा मोठा पत्रा एका तुकड्यात दाबायचं मशीनच नसेल. तीन दिवस मी त्या गाडीभोवती फिरले, खालची पट्टी, खांब, बिजागऱ्या सगळं बघितलं आणि वर बघितलंच नाही.

मामाला सांगितलं. मग फटीतून कटर आणि छोटा पेचकस आत आला.

उंची पुरत नव्हती आणि गाडी कललेली. बाबा म्हणाले, चप्पल काढ आणि माझ्या मांडीवर उभी राहा. मी त्यांच्या धोतरावर उभी राहिले. त्यांनी माझे घोटे धरले. सहा-सात वर्षांची असल्यापासून त्या दिवसापर्यंत त्यांनी मला हात लावला नव्हता, नमस्काराच्या वेळी डोक्यावर ठेवतात तेवढा सोडून. पट्ट्यांचे स्क्रू पितळेचे, डोकी झिजलेली. तीन पट्ट्या काढायला लागल्या. शेवटची निघेना तर मी ती लटकून तोडली, आणि ती तुटताना माझ्या हातात बघा कसलं समाधान आलं, सांगायला लाज वाटते. मग कटरने तरट, कापूस, काळं कापड. शंभर वर्षांची धूळ आमच्या दोघांच्या डोक्यावर. भोकातून शेडचा पत्रा दिसला, आणि वारा आला. गरमच होता, पण वारा होता.

मामाने भिंतीच्या कोनाड्यापासून गाडीच्या कडेपर्यंत फळी टाकली. आधी बाबा. मी खालून ढकलत होते, मामा वरून काखेत हात घालून ओढत होता. धोतर स्क्रूला अडकलं आणि बाबा छतातून अर्धे वर, अर्धे आत, असे राहिले. मामाला हसू फुटलं. बाबा म्हणाले, दत्तोपंत, हसायचं ते मला खाली घेऊन हसा.

ते मोरीपाशी बसून डोक्यावर पाणी घेत होते तेव्हा केयूरदादा पोचला, पूल चालत ओलांडून, शर्ट भिजलेला. त्याने छत बघितलं. कलंडलेली गाडी बघितली. मला वाटलं आता हा ओरडेल. तो खालीच बसला, नाल्याच्या कडेला.

मामाने तेव्हा विचारलं. इतका वेळ विचारलं नव्हतं.

"ब्रेक कुणी सोडला?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "मी. मला वाटलं दार उघडायचा दांडा आहे."

बाबा खोटं बोलले. पितृपक्षात, ओल्या अंगाने. मामाने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग मान हलवली की असो. माझी छाती मोकळी झाली. आणि लगेच मला त्यांचा राग आला. का आला माहीत नाही. इंदूरला न्यायला तेच आले होते, आणि आता माझ्या मामाकडच्या जागेला तेच टेकू देऊन उभे.

पण केयूरदादा म्हणाला, हेच तर मी सांगत होतो. ड्रायव्हरच्या बाजूला दार असतं तर शरूचे बाबा पटकन उतरले असते. वरातीत कुणी असं अडकलं तर? काका, दार उद्या सकाळीच कापा. बाकी नंतर.

मामा म्हणाला, हो, कापतो. भाऊजींना काही झालं असतं तर मी ताईला तोंड दाखवलं नसतं.

गप्प बसायचं होतं मला, बास. बाबांनी सगळं आवरलं होतं. मी गप्प राहिले तर उद्या सकाळी टोटोने पूल, शेड, मामा. फक्त ती पट्टी कापलेली असेल, आणि वर्षभरात गाडी मधून वाकेल, आणि का वाकली ते मला एकटीला ठाऊक असेल. मी खरंच गप्प बसायचा प्रयत्न केला. मोजून सांगते, केयूरदादाने शर्टाची बटणं उघडून वारा घेतला तेवढा वेळ.

"ब्रेक मी सोडला," मी म्हणाले. "बाबांवर चिडून सोडला. त्यांना दाखवत होते की दार का नाहीये."

मी केयूरदादाला हाताला धरून उठवलं. म्हणाले, चढ फळीवर, छतातून आत उतर, ड्रायव्हरच्या जागेवर बस. तो उतरला. मी वरून सांगितलं, आता समज तुझ्या उजवीकडे दार आहे, उघडं आहे. उतर. त्याने उजवा पाय उचलला. दांडा गुडघ्याखाली आला. त्याने पाय वर घेतला, दुसरा दांडा. तो थोडा मागे सरकला, सीट आडवी आली. बाहेर स्टेपनी आहेच, ती मी खाली उतरून हाताने वाजवून दाखवली. मग सलग पट्टी दाखवली, बारीक खांब दाखवला. त्याने अजून एकदा पाय उचलून बघितला.

"तो ये दरवाज़ा था ही नहीं कभी," तो स्वतःशीच म्हणाला. मग मामाला म्हणाला की राहू दे काका, नको कापायला. फेटा काढूनच उतरेन मी, डावीकडून.

मामाने ग्राइंडरची वायर गुंडाळली. नीट, कोपराभोवती, एकेक वेढा. ते झाल्यावर म्हणाला, "शरू, उद्यापासून येऊ नकोस."

बाबांनी उपरणं पिळलं आणि आम्ही निघालो. टोटो एकही नव्हता, सगळं रामनगर लीलेकडे. आम्ही पुलाकडे चालत राहिलो. समोरून लोकांचे लोंढे, मुलं खांद्यावर, आम्ही दोघेच उलटे. मी त्यांच्या चार पावलं पुढे. मला इंदूरचं ते गेट दिसत होतं, न बघताच, हिरवं असणार, वर टोकदार सळ्या. पुलाच्या तोंडाशी मागे बघितलं तर बाबा चहाच्या ठेल्यापाशी थांबलेले. साखर घालून चहा पीत होते. मी परत गेले.

"तू का बोललीस?" त्यांनी विचारलं. "मी सांगून टाकलं होतं ना."

"त्यांनी ती पट्टी कापली असती."

"गाडी तुझी आहे?"

"नाही."

त्यांनी मातीच्या कुल्हडातला चहा संपवला. कुल्हड फेकला नाही, हातात धरून उभे राहिले. मग वळले आणि जिकडून आलो तिकडे चालायला लागले. मी विचारलं, कुठे. आता आम्ही लोंढ्याबरोबर होतो, ढकललो गेल्यासारखे शेडपर्यंत पोचलो.

मामा फळीवर उभा होता, छताच्या भोकात डोकं घालून. केयूरदादा खाली टॉर्च धरून.

बाबा खालूनच म्हणाले, "दत्तोपंत, आज इथे दोघं बोललो. मी खोटं, ही खरं. शिक्षा तुम्ही हिला दिलीत. मला काय?"

मामाने डोकं बाहेर काढलं. केसांत कापूस. "भाऊजी, मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं तिला. वस्तू बिघडली तर बंद. आता मी शब्द फिरवू?"

"फिरवू नका," बाबा म्हणाले. "वस्तू बिघडली ना? मग नीट होईपर्यंत तरी जिने बिघडवली ती कुठे जाणार?"

मामाने भोकाच्या कडेचं काळं कापड बोटांनी चाचपून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला की पट्ट्या सागाच्या नाही चालणार, हलक्या लाकडाच्या रंधून घ्याव्या लागतील. कापूस पिंजून पाहिजे. वरचं कापड कलकत्त्याहून मागवायला लागेल. आणि टाके सगळे हाताचे, आतून, मान वर करून.

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"एकटीने केलं तर? दिवाळी जाईल. देवदिवाळी पण."

"एकटीनेच करेल."

मामा फळीवरून उतरला. मेजपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, लल्लन मदत करणार नाही, मी पण करणार नाही. मग जमिनीवरचे थंड झालेले चहाचे ग्लास उचलून मोरीत ओतले.

बाबांनी कनवटीचा फोन काढला. इंदूरचा नंबर काढला आणि फोन माझ्यासमोर धरला.

"आत्याला तूच सांग. मी आज एकदा खोटं बोललोय, पुरे."

रिंग जात होती. आत्याने उचलला आणि म्हणाली, बोल दादा.

"आत्या, मी शरू. मला येता येणार नाही. गाडीचं छत फाटलंय."

"रेल्वेचं?" आत्या म्हणाली.

बाबा तिकडे तोंड करून उपरणं झटकत होते. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाले, नाही, ऐक.